चषक सामन्यांच्या तिकिटांना कमाल दर हवा : फुटबॉल असोसिएशनला खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि चषक समिती,
द फुटबॉल असोसिएशन,
वेम्ब्ली स्टेडियम, लंडन.

विषय : एफए चषकाच्या तिकिटांचे दर आणि त्यावरून पाठीराख्यांमध्ये पडलेली फूट

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

इंग्लंडमधील लहानमोठ्या क्लबांना बाद पद्धतीने एकमेकांसमोर आणणाऱ्या एफए चषकाच्या तिकिटांचे दर ठरवण्याचे काम आज त्या त्या सामन्यातील दोन क्लबांच्या आपसातील बोलण्यावर सोडलेले आहे. ते आपण आपल्या हाती घ्यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मोठे क्लब जिथे स्पर्धेत उतरतात त्या तिसऱ्या फेरीपासून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत प्रौढांच्या सर्वसाधारण तिकिटाला २० पौंडांची कमाल मर्यादा घालावी, आणि या कपातीमुळे खालच्या स्तरावरील क्लबाच्या पदरात कमी पैसे पडणार असतील, तर ती तूट वरच्या स्तरावरील क्लबाने आपल्या वाट्यातून भरून द्यावी, असा नियम स्पर्धेच्या नियमावलीत यावा. या मागणीचे दोन्ही भाग एकत्रच वाचावेत. पहिला भाग एकटा मान्य झाला, तर त्याची झळ ज्यांना ती सोसणे सगळ्यात कठीण आहे त्या क्लबांना बसेल, आणि तसे होणार असेल तर आजची व्यवस्थाच चालू राहिलेली बरी.

हे आधीच स्पष्ट करण्याचे कारण असे की, तिकिटांच्या दरांवरून पाठीराख्यांमध्ये जो वाद दरवर्षी पेटतो, त्यात दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक असतात आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात. मोठ्या क्लबाचा हंगामी तिकीटधारक म्हणतो की मी वर्षाचे पैसे आधीच भरले आहेत, चषकाचा सामना त्यात धरलेला नाही, प्रशिक्षक निम्मा संघ राखीव खेळाडूंचा उतरवणार आहे, मग मी लीगच्या सामन्याएवढे पैसे का मोजायचे? चौथ्या स्तरावरील क्लबाचा पाठीराखा त्याला उत्तर देतो की तुमच्यासाठी ही हिवाळ्यातली एक जादा संध्याकाळ असेल, आमच्या क्लबाला मात्र या एका सामन्याच्या पैशांतून मैदानाचे छप्पर दुरुस्त करायचे आहे आणि पुढच्या हंगामाचे पगार भागवायचे आहेत, तेव्हा कृपा करून दर पाडू नका. हे दोघे समाजमाध्यमांवर, गाडीच्या डब्यात, स्टेडियमबाहेरच्या रांगेत एकमेकांशी भांडत राहतात. त्यांना एकमेकांसमोर उभे करणारी व्यवस्था आपण लिहिलेल्या नियमांतून आलेली आहे, म्हणून हे पत्र मी एखाद्या क्लबाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

हा नियम नेमका काय करतो, ते पाहू. चषकाच्या सामन्यात खर्च वजा जाता उरलेल्या तिकीट उत्पन्नातील ४५ टक्के यजमानाला, ४५ टक्के पाहुण्या क्लबाला मिळतात आणि उरलेले १० टक्के स्पर्धेच्या सामाईक निधीत जातात. लीगमध्ये घरच्या सामन्याचे उत्पन्न यजमानाचेच असते. चषकात मात्र लहान क्लबाला मोठ्या स्टेडियममधल्या प्रत्येक खुर्चीत वाटा मिळतो, आणि या स्पर्धेची ही सगळ्यात न्याय्य परंपरा आहे असे मी मानतो. जानेवारी २००५ मध्ये वरच्या चार स्तरांच्या लीगबाहेर फेकला गेलेला आणि कर्जात बुडालेला एक्झेटर सिटी ओल्ड ट्रॅफर्डवर गेला, ६७ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर मँचेस्टर युनायटेडला त्याने गोलशून्य बरोबरीत रोखले आणि पुनर्सामना मिळवला. त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने पाठीराख्यांच्या मालकीच्या त्या क्लबाला पुन्हा उभे केले. ज्याने हे पाहिले आहे, तो ‘तिकिटे स्वस्त करा’ एवढेच म्हणून थांबू शकणार नाही.

पण आता एक साधे गणित मांडतो. कर, सवलती आणि सामन्याचा खर्च बाजूला ठेवू. ६० हजार आसनांच्या मैदानावर वरच्या स्तरावरील यजमान क्लब चौथ्या स्तरावरील पाहुण्यांविरुद्ध खेळतो आहे आणि तिकीट ३० पौंडांचे आहे, असे समजा. सगळी तिकिटे गेली तर १८ लाख पौंड जमतात आणि प्रत्येक क्लबाच्या वाट्याला ८ लाख १० हजार पौंड येतात. तिकीट २० पौंडांचे केले तर १२ लाख जमतात आणि प्रत्येकाचा वाटा ५ लाख ४० हजारांवर येतो. पाहुण्या क्लबाची तूट झाली २ लाख ७० हजार पौंडांची. चौथ्या स्तरावर ही रक्कम फार मोठी आहे. वरच्या स्तरावरील श्रीमंत क्लबासाठी मात्र ती एखाद्या अव्वल खेळाडूच्या काही आठवड्यांच्या पगाराएवढी आहे. यजमानाने आपल्या ५ लाख ४० हजारांतून २ लाख ७० हजार पाहुण्यांना दिले, तर पाहुण्यांना पूर्वीइतकेच ८ लाख १० हजार मिळतात, यजमानाकडेही २ लाख ७० हजार उरतात, आणि मैदानावर आलेल्या साठ हजार माणसांपैकी प्रत्येकाचे दहा पौंड वाचतात. ३० पौंडांना हे मैदान भरले नसते आणि २० पौंडांना भरले, तर यजमानाला याहून कमी पदरमोड करावी लागेल. सामना लहान क्लबाच्या पाच हजारांच्या मैदानावर असेल तरी नियम तोच ठेवता येईल, फक्त तिथे वाटा सोडणारा क्लब पाहुणा असेल. काही मोठ्या क्लबांनी असे औदार्य आपणहून दाखवलेलेही आहे. ते औदार्यावर सोडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

पैसा कुठे जातो हे ठाऊक असले की पाठीराखा किती देतो, याचे उदाहरण याच स्पर्धेत आहे. जानेवारी २०२१ मध्ये आठव्या स्तरावरील मरीन या क्लबाला टॉटनहॅमविरुद्ध तिसऱ्या फेरीचा सामना मिळाला, पण साथीमुळे मैदानात प्रेक्षकांना बंदी होती. क्लबाने दहा पौंडांची आभासी तिकिटे काढली. त्या तिकिटावर कोणालाही आत जाता येणार नव्हते, आणि तरीही अशी ३० हजारांहून अधिक तिकिटे खपली. टॉटनहॅमच्या पाठीराख्यांनीही ती घेतली. सामना ५-० असा एकतर्फी झाला, पण लोकांनी पैसे निकालासाठी दिलेच नव्हते. ‘पाठीराख्यांना सगळे फुकट हवे असते’ असे जे अधूनमधून ऐकवले जाते, त्याला यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

आता मोठ्या क्लबांच्या बाजूचे चित्र. मी ज्या क्लबाचा हंगामी तिकीटधारक आहे, त्याचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण ही पद्धत त्या एकाच क्लबाची नाही. उन्हाळ्यात तिकिटाचे नूतनीकरण करताना पडद्यावर एक चौकट येते : घरच्या मैदानावरील सर्व चषक सामन्यांची तिकिटे आपोआप हवी आहेत का? ‘हो’ म्हटले की पुढे प्रत्येक सोडतीनंतर काही दिवसांत कार्डावरून पैसे वळते होतात आणि ‘आपले आसन निश्चित झाले आहे’ असा संदेश फोनवर येतो. किती पैसे जाणार, हे संमती घेताना सांगितलेले नसते, कारण प्रतिस्पर्धी ठरलेला नसतो आणि दरही ठरलेला नसतो. ‘नाही’ म्हणण्याची मुभा असते, पण मग संघ अंतिम फेरीत पोहोचला तर तिकिटांच्या रांगेत आपण मागे ढकलले जातो. वेम्ब्लीवरच्या अंतिम सामन्याची आशा दाखवून जानेवारीतल्या सामन्याचे पैसे आधीच कबूल करून घेण्याची ही पद्धत आहे. आपण कमाल दर ठरवून दिलात, तर निदान संमती देताना माणसाला जास्तीत जास्त आकडा माहीत असेल.

अशा चषक सामन्याच्या रात्री मैदानात काय दिसते, तेही सांगतो. वरचा मजला बंद असतो, तिथल्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांवर प्रकाशझोत मात्र पडलेले असतात. प्रवेशाच्या निम्म्या फिरत्या फाटकांना, म्हणजे टर्नस्टाइलना, कुलूप असते. माझ्या शेजारच्या तीन खुर्च्या रिकाम्या असतात आणि त्या तिन्ही विकल्या गेलेल्या असतात, कारण त्यांच्या धारकांना सामना पाहायचा नसून मोठ्या सामन्याच्या तिकिटासाठी लागणारे लॉयल्टी पॉइंट तेवढे हवे असतात. विकलेल्या तिकिटांवरून उपस्थितीचा आकडा जाहीर होतो तेव्हा आजूबाजूचे लोक मान वळवून त्या खुर्च्यांकडे पाहतात. मागच्या रांगेत एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन बसलेली होती. मुलांची ही पहिलीच वेळ होती आणि ती दोघे सराव करणाऱ्या प्रत्येक खेळाडूचे नाव विचारत होती. एवढ्या रिकाम्या खुर्च्यांमधून अशी आणखी कितीतरी मुले बसू शकली असती. लीगच्या सामन्याचे तिकीट त्यांना मिळत नाही, कारण हंगामी तिकिटांनंतर फारसे काही उरतच नाही. चषकाचा सामना हाच त्यांच्यासाठी उघडा असलेला दरवाजा आहे, आणि त्यावर लीगचाच दर लावून ठेवलेला आहे.

स्वस्त तिकिटांना विरोध करणारे काही जुने पाठीराखे म्हणतात की अशाने एका रात्रीपुरते येणारे लोक मैदान भरतील आणि आवाज कमी होईल. मला हा आक्षेप पटत नाही. आज जो पन्नास वर्षे एका खुर्चीवर बसतो आहे, तोही कधीतरी कोणाच्या तरी बोटाला धरून पहिल्यांदा आला होता. लॉयल्टी पॉइंटांसाठी तिकीट घेऊन घरी बसण्याचा प्रश्न खरा आहे, पण त्याला उपाय आहे : पॉइंट तिकीट घेतल्याबद्दल न देता प्रत्यक्ष टर्नस्टाइलमधून आत आल्यावरच द्यावेत. ही नोंद प्रत्येक मोठ्या क्लबाकडे आजही होते.

पाहुण्या पाठीराख्यांची बाब वेगळी आणि अधिक तातडीची आहे. चषकात पाहुण्या क्लबाला मैदानाच्या क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत जागा मागता येतात. २०१७ मध्ये लीगबाहेरचा लिंकन सिटी उपांत्यपूर्व फेरीत आर्सेनलकडे गेला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे नऊ हजार माणसे लंडनला गेली. एवढे पाहुणे लीगमध्ये कुठेही दिसत नाहीत, आणि चषकाला चषक म्हणून जो रंग चढतो तो याच लोकांमुळे. प्रीमियर लीगने २०१६-१७ पासून पाहुण्यांच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा घातली. ‘ट्वेंटीज प्लेंटी’ (वीस पौंड पुष्कळ झाले) या पाठीराख्यांच्या मोहिमेने २०१३ पासून जो रेटा लावला होता, त्याचे ते फळ होते. ही मर्यादा चषकाला लागू नाही. युरोपीय फुटबॉलची संघटना युएफा हिनेही आपल्या स्पर्धांत पाहुण्यांच्या तिकिटांना मर्यादा घातली आहे, आणि २०२५-२६ साठी ती चॅम्पियन्स लीगमध्ये ५० युरो, युरोपा लीगमध्ये ३५ आणि कॉन्फरन्स लीगमध्ये २० युरो अशी आहे. म्हणजे युरोपातल्या तिसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत परदेशी जाणाऱ्या पाठीराख्याला जे संरक्षण आहे, ते फुटबॉलमधील जगातील सर्वांत जुन्या राष्ट्रीय चषकात शेजारच्या परगण्यात जाणाऱ्याला नाही.

त्यात २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे पुनर्सामने आपण बंद केले. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाची चर्चा इथे करत नाही. पण तिकिटांच्या दरांवर त्याचे दोन परिणाम झाले आहेत आणि त्यांची जबाबदारी आपल्याकडेच येते. पहिला असा की, लहान क्लबाला बरोबरीनंतर जी दुसरी तिकीटविक्री मिळायची ती गेली, त्यामुळे एकाच सामन्यातून जेवढे निघेल तेवढे काढण्याचा दबाव वाढला. दुसरा परिणाम पाठीराख्याच्या खिशावर थेट होतो. रात्री पावणेआठला सुरू झालेला सामना जादा वेळ आणि पेनल्टीपर्यंत गेला, तर संपेपर्यंत साडेदहा वाजतात आणि दूरच्या गावी जाणारी शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग बसचे भाडे किंवा रात्रीच्या मुक्कामाचा खर्च तिकिटात मिळवावा लागतो. सामन्याचा दिवस आणि वेळ प्रक्षेपणाच्या सोयीने बदलते, तेव्हा आधी काढलेल्या रेल्वे तिकिटाचे पैसेही पाण्यात जातात. दर ठरवताना हे सगळे हिशेबात धरले जात नाही.

उपांत्य सामने २००८ पासून वेम्ब्लीवरच होतात. एप्रिल २०२२ मध्ये लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी तिथे भिडले, तेव्हा रेल्वेच्या कामांमुळे त्या दोन्ही शहरांतून लंडनला थेट गाडीच नव्हती आणि शेवटी पाठीराख्यांसाठी मोफत बसची व्यवस्था करावी लागली. ती आपण केलीत, याबद्दल मी आभारीच आहे. पाठीराख्याच्या खर्चाचा भार उचलणे आपल्याला शक्य असते, हे त्यातून दिसलेच.

या मागणीला इतिहास आहे, आणि तो आपल्याच स्पर्धेचा आहे. १८७२ मध्ये ओव्हलवर पहिला अंतिम सामना झाला, तेव्हा प्रवेशाला एक शिलिंग पडत होता आणि प्रेक्षक सुमारे दोन हजार होते. त्यानंतर तिथवर पोहोचायला मजुराला आणि गिरणीकामगाराला वेळ लागला, पण तो पोहोचला आणि स्पर्धा त्याची झाली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर याच चषकाच्या उपांत्य सामन्यात जी चेंगराचेंगरी झाली, तिने ९७ पाठीराख्यांचा बळी घेतला. त्यानंतर जानेवारी १९९० मध्ये आलेल्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्च्या असाव्यात अशी शिफारस केली, आणि त्याच वेळी हेही बजावले की खुर्च्यांचे दर आज उभे राहून सामना पाहणाऱ्यांच्या आवाक्यात राहिले पाहिजेत. त्यासाठी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण दिले होते : तिथे बसायला सहा पौंड आणि उभे राहायला चार. शिफारशीचा पहिला अर्धा भाग काटेकोरपणे अमलात आला. दुसऱ्या अर्ध्याची अंमलबजावणी करण्याचे बंधन कोणावरच नव्हते आणि आजही नाही. मला सर्वांत जास्त खंत याची वाटते, कारण ज्या माणसांच्या मृत्यूनंतर हा अहवाल लिहिला गेला, त्यांच्यासारख्याच माणसांना पुढे दरांनी मैदानाबाहेर ठेवले.

पाठीराखे एकत्र आले की दर खाली येतात, हेही वारंवार घडलेले आहे. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ सुमारे दहा हजार माणसे ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर पडली आणि काही दिवसांत मालकांनी माफी मागून तो प्रस्ताव मागे घेतला. ॲनफील्डवरील त्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, जर्मन चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात श्टुटगार्टला गेलेले डॉर्टमुंडचे पाठीराखे दरांच्याच निषेधार्थ पहिली वीस मिनिटे आत आलेच नाहीत, आणि आत आल्यावर त्यांनी टेनिसचे चेंडू मैदानात फेकून खेळ थांबवला. तो सामनाही चषकाचाच होता. ‘मैदान भरते आहे, म्हणजे दर योग्यच आहे’ असे म्हणणाऱ्यांनी ॲनफील्डही त्या दिवशी भरलेले होते, हे लक्षात घ्यावे. माणूस आपला क्लब बदलत नाही, म्हणून तो दर वाढला तरी येत राहतो. त्याच्या निष्ठेला बाजारातली मागणी समजून दर लावणे अन्यायाचे आहे.

म्हणून पुढील हंगामाची नियमावली अंतिम करण्यापूर्वी आपण एक बैठक बोलवावी. तिला फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनचे प्रतिनिधी, खालच्या स्तरांवरील क्लबांचे हिशेब पाहणारी माणसे आणि प्रीमियर लीगमधील क्लब, असे सगळे एकाच टेबलावर असावेत, म्हणजे एकमेकांच्या नावाने दर वाढवण्याची सबब कोणालाच उरणार नाही. सोळा वर्षांखालील मुलांसाठी पाच पौंडांचा दर सर्व मैदानांवर असावा आणि तो पाहुण्यांच्या स्टँडमध्येही लागू व्हावा, हा विषय त्या बैठकीत घ्यावा. मी वर मांडलेले गणित ढोबळ आहे. ते खऱ्या आकड्यांवर तपासता यावे, यासाठी मागील हंगामातील तिसऱ्या फेरीपासूनच्या प्रत्येक सामन्याचा तिकीटदर, विकलेली तिकिटे आणि टर्नस्टाइलमधून प्रत्यक्ष आत आलेले प्रेक्षक, असे तिन्ही आकडे आपण बैठकीआधी प्रसिद्ध करावेत. तिसऱ्या फेरीची सोडत डिसेंबरच्या सुरुवातीला निघते आणि त्यानंतर दर ठरवायला क्लबांच्या हातात थोडेच दिवस राहतात, त्यामुळे हा निर्णय सोडतीनंतरच्या घाईवर न ठेवता हंगाम सुरू होण्याआधीच व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक हंगामी तिकीटधारक